गुबगुबीत अक्षरे

माणसांप्रमाणे अक्षरांनाही प्रकृती असते. संगणकावरचा 'मंगल' पाहा. र. कृ. जोशींनी घडवलेला हा गृहस्थ म्हणजे डबा घेऊन वेळेवर कचेरीत पोचणारा हेडक्लार्क. वातही नाही, पित्तही नाही. 'मोदक' पाहिला, आणि मला पहिल्यांदा कफप्रकृतीचे अक्षर भेटले!

मुंबईच्या 'एक टाइप'मधल्या मंडळींनी हा टाइप केला. आधी हाताने रेखाटला, मग संगणकात घातला. २०१५ पासून तो कुणालाही फुकट मिळतो. नाव अगदी सार्थ. प्रत्येक अक्षर सारण भरून फुगलेले. 'ब'च्या पोटात पोकळी म्हणून नुसती बारीक पांढरी रेघ उरलेली. या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या, म्हणूनच वाचता तरी येते. 'लक्ष्मी'तले जोडाक्षर म्हणजे एसटीच्या दोघांच्या बाकावर बसलेले तीन व्याही. तरी कुणाचा धक्का कुणाला नाही. मात्र बारीक आकारात छापलेत तर रेघा बुजतात आणि मोदकांचे लाडू होतात. याचा संसार मोठ्या पाटीवरच.

पूर्वी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे हाताने नाव रेखाटत, आणि नाटक रडवणार की हसवणार हे तिकीट काढण्यापूर्वीच कळे. तीच विद्या इथे आहे. बेकरी, बालवाडी, गणेशोत्सवाची कमान, इथे मोदक शोभतो. पण आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. नोटेमागच्या भाषांच्या यादीत 'शंभर रुपये' असे मोदकात छापले, तर रविवार कारंज्यावरचा भाजीवाला नोट परत करत म्हणेल, "काका, पोरांच्या खेळातली दिली का?"

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'थकबाकी त्वरित भरा' ही सूचना मोदकात लावली. लोक थांबले, वाचून हसले आणि गेले. पैसे कुणी भरले नाहीत.

तेव्हा वसुली आणि दुःख ही दोन खाती या अक्षराकडे देऊ नयेत, असे तुम्ही म्हणाल. तसेच आमच्याकडची ज्येष्ठ मंडळीही म्हणाली. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या काकू गेल्या. फलक करणाऱ्या पोराने 'भावपूर्ण श्रद्धांजली' मोदकात करून आणली. मंडळी तापली. "अहो, हे काय बारसं आहे?" फलक बदलून आणायला दोघे निघालेसुद्धा. तेवढ्यात काकूंची नात म्हणाली, "राहू द्या ना. आजीच्या हातचे मोदक अस्सेच असायचे."

कुणी काही बोलले नाही. त्यातल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षे चतुर्थीला ते उकडीचे मोदक खाल्ले होते, आणि वर तूप मागून घेतले होते. सर्वांत जास्त तापलेल्या अण्णांनीच मुकाट्याने फलकाला हार घातला.

फलक तेरा दिवस राहिला. जाणारे-येणारे थांबून वाचत. एरवी श्रद्धांजली वाचतो कोण? आपण फक्त फोटो पाहतो आणि वय विचारतो.