बांबूची चीर

कसब हातात असतं आणि अक्कल डोक्यात, हा समज मी आयुष्याची बरीच वर्षं बाळगला. उघडपणे कधी बोललो नाही. चारचौघांत कारागिरांचं कौतुकच करायचो. पण आतली समजूत पक्की होती. विचार करतो तो ड्रॉइंग काढणारा, हाताने करणारा नुसता सवयीने करतो. मी मेकॅनिकल इंजिनियर, सगळी नोकरी गुणवत्ता तपासणीत गेली. माप ठरवायचं आणि मापात न बसणारा माल बाजूला काढायचा, हेच काम. त्या समजुतीला नोकरीने खतपाणी घातलं, पण ती नोकरीतून आली नव्हती. ती मी आजरा तालुक्यातल्या आमच्या घरातून घेऊन निघालो होतो. हे माझ्या लक्षात आलं ते थेट न्यू जर्सीत, मासे धरायची काठी बनवताना.

फ्लाय फिशिंग मी इकडे आल्यावर शिकलो. आपल्याकडच्या गळाला शिसं बांधलेलं असतं. ते भिरकावलं की मागोमाग दोरी जाते. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. इथे फेकायची असते ती दोरी. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. एवढ्याशा वजनाने काठी वाकली पाहिजे आणि परत सुटताना तिने दोरी सरळ पुढे नेली पाहिजे. म्हणजे काठी ही टोकाकडे निमुळती होत गेलेली स्प्रिंगच. ती कुठे, किती वाकते यावर सगळा खेळ. माझ्यासारख्याला ओढ लागायला एवढं पुरेसं होतं.

पहिली काठी ग्राफाइटची केली. १९७३ साली फेनविक कंपनीने ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले आणि पुढे तेच रूढ झाले. कारखान्यात तयार झालेली पोकळ निमुळती नळी विकत मिळते, तिला ब्लँक म्हणतात. तिच्यावर बुचाची मूठ, रीळ बसवायची बैठक आणि दोरी ओवायच्या कड्या आपण चढवायच्या. कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. मुठीचं भोक गोल कानशीने थोडं थोडं मोठं करावं. घाई केली की मूठ कायमची सैल बसते. रिळाच्या बैठकीखाली फट राहते, तिथे मास्किंग टेपची वेटोळी द्यावी, पण मध्ये जागा सोडून, म्हणजे इपॉक्सी नळीला धरतं. शेंड्याची कडी मात्र इपॉक्सीने चिकटवू नये. ती कधीतरी बदलावी लागते, म्हणून उष्णतेने सुटणारा गोंद वापरावा. कड्यांचे पाय कानशीने निमुळते केले की दोरा फट न सोडता वर चढतो. दोऱ्यावरच्या इपॉक्सीचे दोन भाग अगदी सारखे हवेत, प्रत्येकाची पिचकारी वेगळी हवी, आणि ते घट्ट होईपर्यंत काठी सावकाश फिरत राहिली पाहिजे, नाहीतर थेंब खाली ओघळून तिथेच वाळतो. कड्या किती, तर काठीचे जितके फूट त्याहून साधारण एक जास्त. त्या कुठे बसवायच्या याचा तक्ता मिळतो. तरीही आधी टेपने चिकटवाव्यात, दोरी ओवून काठी वाकवावी, आणि दोरी काठीच्या बाकाबरोबर जाते की दोन कड्यांमध्ये सरळ काप घेते हे बघून मगच दोरा गुंडाळावा.

हे शेवटचं मी केलंच नाही. तक्ता होता ना. तक्त्याप्रमाणे कड्या बसवल्या आणि काठी चांगली झाली, कारण ब्लँक चांगला होता. माझा समज मात्र आणखी घट्ट झाला: माप बरोबर असेल तर हात कुणाचेही चालतात.

याच गुर्मीत मी बांबूकडे वळलो. अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या काठीचा इतिहास पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक बनवणाऱ्या कारागिरापासून, म्हणजे १८४० च्या दशकापासून सांगतात. पुढे हायरम लेनर्डने तिचा कारखाना काढला. बांबूच्या सहा कामट्या, प्रत्येकीचा छेद त्रिकोणी, कोन साठ अंशांचे. सहाही चिकटवल्या की षट्कोनी भरीव काठी होते. मला ओढ होती ती एव्हरेट गॅरिसनची. तो व्यवसायाने इंजिनियर. काठीवर कुठे किती ताण येतो याचं गणित मांडून तो जाडी ठरवायचा. त्याच्या पद्धतीचं पुस्तक १९७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. इथले काठी करणारे आजही ते समोर ठेवून काम करतात. मला वाटलं, हा आपल्यातला माणूस. बांबू काय, गणित हाती आलं की झालं.

शिकायला एका निवृत्त सुताराच्या गॅरेजमध्ये जायचो. बांबू टोंकिन जातीचा. तो चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून येतो. सरळ, जाड भिंतीचा, आणि सालीलगत बळकट तंतूंची दाटी. पहिलं काम तो चिरायचं. मी व्हर्नियर काढला, टोकाला पेन्सिलीने सारखे भाग पाडले, कोयतीसारखं जाड पातं रेघेवर ठेवून ठोकलं. चीर सुरू झाली रेघेवर आणि हातभर अंतरात कडेला गेली. कामटी पुढे सुरीच्या पात्यासारखी निमुळती होऊन संपली. दुसरी तशीच. मी पुन्हा मापलं, आणखी बारीक मापलं. पुन्हा तेच. बांबूचे तंतू माझ्या रेघेला बांधलेले नव्हते. गाठीपाशी तर ते वळण घेऊनच पुढे जात होते.

शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी व्हर्नियर माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवला आणि म्हणाले, पात्याकडे बघू नका, पात्याच्या पुढे बघा. चीर एका बाजूला सरकायला लागली की जी बाजू जाड राहते आहे ती जास्त वाकवा, चीर तिकडे परत येते. त्यांनी करून दाखवलं. पातं जवळजवळ नुसतं आत राहायला होतं. चीर ते हातांनी नेत होते, कधी हा अर्धा दाबून, कधी तो. गाठ आली की थांबत, बघत, मग पुढे.

आणि हे मी आधी पाहिलं आहे, हे मला लख्ख आठवलं.

सुगीच्या आधी आमच्या दारात बुरूड यायचे. कणगी, डालगी, सुपं, टोपल्या नव्या करायच्या असत, जुन्या दुरुस्त करायच्या असत. एक बाई अंगणाच्या कडेला बसायची. बांबूचा एक अर्धा डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, दुसरा हातात. कोयतीचं पातं चिरेत अडकवलेलं, आणि ती अंगठा दाबायची, सोडायची, हात वर उचलायची, खाली न्यायची. कामटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची निघायची. मग तिचीच आणखी पातळ कामटी, तिची आणखी. मी ओसरीवर बसून हे दुपारच्या दुपार पाहिलं आहे. मला वाटायचं, ही फाडते आहे. बांबू फाटतो म्हणून ही फाडते, यात काय. तिचा अंगठा हलतो कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. त्या प्रत्येक दाबात एक निर्णय होता. चीर कुठे निघाली आहे, पुढच्या गाठीत तंतू कुठे वळणार, किती आधी दाब द्यायचा. मी त्याला सवय म्हणत आलो, आणि ती डोकं चालवत होती.

त्या बाईला आमच्या घरात पाणी वरून ओतून द्यायचे. मजुरी धान्यात, आणि तीही घासाघीस करून. आम्ही मुलं तिला बुरडीण म्हणायचो. तिला नाव असेल हे मला सुचलं नव्हतं. मी शिकलो, परदेशी आलो, जातपात मानत नाही असं बेलाशक सांगत राहिलो. पण हाताने काम करणाऱ्याला डोकं नसतं, हे मानणं म्हणजे जातच मानणं आहे. जातीचं सोवळं-ओवळं मी टाकून दिलं होतं आणि गाभा जपून ठेवला होता. नोकरीत मशीनवरच्या माणसाने ड्रॉइंगबद्दल शंका काढली की मला जो राग यायचा, तो याच गाभ्यातून यायचा. त्यातल्या किती शंका बरोबर असतील, हे आता शोधायची सोय नाही.

एक गोष्ट मला जास्त टोचते. तिच्या कसबात बुद्धी होती हे मला अमेरिकेत, एका गोऱ्या माणसाच्या गॅरेजमध्ये कळलं. तिथे बांबू चिरणाऱ्याला मान आहे, त्याच्या कामावर पुस्तकं आहेत, त्याची एक काठी हजार-दोन हजार डॉलर्सना आणि त्याहून महाग विकली जाते. तो मान आधी दिसला, म्हणून मला काम दिसलं. अंगणात मान नव्हता, म्हणून काम डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. टोंकिन येण्याच्या आधी, १९व्या शतकात, इथले कारागीर कलकत्ता बंदरातून आलेल्या बांबूच्या काठ्या करत. इकडे त्या बांबूला कलकत्त्याचंच नाव होतं. फिलिप आणि लेनर्ड यांची नावं इतिहासात आहेत. तिकडे रानात तो बांबू पारखून तोडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलं नाही.

काठी मी पुरी केली. माप मी सोडलेलं नाही आणि सोडा असं कुणालाही सांगणार नाही. शेवटच्या रंध्यात एकेका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, हिशेब असतो. कामटी ज्यात ठेवून रंधायची त्या पोलादी साच्याची खोली दर पाच इंचांवर डायल गेजने लावावी लागते. पण ते माप कामाला यायच्या आधी बरंच काही हातांनी ठरलेलं असतं. गाठीचा उंचवटा कानशीने उतरवायचा, गाठ तापवून मऊ झाली की शेगड्यात दाबून थंड होईपर्यंत धरायची. किती तापवायची हे अंकात सांगता येत नाही. कमी तापली तर ती परत फुगते, जास्त तापली तर करपून ठिसूळ होते. सहा कामट्या अशा लावायच्या की शेजारशेजारच्या दोघींच्या गाठी एका जागी येणार नाहीत. रंधा सालीच्या बाजूला कधीही लावायचा नाही, सगळी ताकद तिथेच असते. वरची चकाकी तेवढी खरवडायची. गाठीपाशी तंतू उचकटायला लागले तर जोर वाढवू नका, पातं धार मागतं आहे. मी आधी जोर वाढवला असता. आता थांबतो, पातं दगडावर घासतो आणि परत येतो.

नंतर गावी गेलो तेव्हा चौकशी केली. ती बाई राहिली नाही. पत्र्याच्या कोठ्या आणि प्लास्टिकची घमेली आल्यावर कणग्या-डालग्यांचं काम संपलं. तिचा मुलगा कोल्हापुरात नोकरी करतो, सून लग्नसराईत सुपं आणि परड्या करून देते. मी तिच्याकडे सासूचं नाव विचारलं. ते इथे लिहीत नाही, कारण छापायची परवानगी मी मागितलेली नाही. तिच्यासमोर बसून एक बांबू चिरला. तिने दोनदा थांबवलं. गाठ यायच्या आधीच दाब बदला, गाठीवर पोचल्यावर उशीर होतो, असं तिचं म्हणणं. न्यू जर्सीत मला हे एवढ्या नेमकेपणाने कुणी सांगितलं नव्हतं. मी शिकवणीचे पैसे पुढे केले तेव्हा ती ते घेईना, सूप विकत घ्या म्हणाली. सूप घेतलं, आणि तिला पैसेही घ्यायला लावले. सुपाची किंमत वेगळी, शिकवणीची वेगळी.

बांबूची काठी करायची कुणाच्या मनात असेल, तर टोंकिन मागवायच्या आधी आणि साच्यावर खर्च करायच्या आधी आपल्या तालुक्यात बांबूकाम करणारं कुणी उरलं आहे का ते शोधा. त्यांच्यापाशी बसून एक साधा बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीत चिरायला शिका. पहिल्या दिवशी जमणार नाही. नाव विचारा, फी विचारा, आणि सांगतील ती द्या.