अखंड घाट चढणारं मशीन

कोल्हापूरकडची आरएक्स हंड्रेडवाली पोरं मालवणला फिरायला आली आणि माझ्या शेडपाशी थांबली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्टँडवर टांगलेल्या आउटबोर्डकडे, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मशीनकडे बघून ती विचारतात, ‘‘याचा सायलेन्सर कुठाय?’’

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. टू-स्ट्रोकमध्ये निम्मं इंजिन सायलेन्सरातच असतं. एक्झॉस्टचं पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट नळीतून सुटते. नळी जिथे रुंदावते तिथून ती उलटी फिरून सिलिंडरातला उरलेला धूर ओढून काढते. पुढे नळी जिथे निमुळती होते तिथून दुसरी लाट परतते आणि पोर्टाबाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. हे गणित पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन या इंजिनिअरने १९५०च्या दशकात बसवलं आणि १९६१ साली १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढून दाखवली. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला आणि ही विद्या सुझुकीला पोचली. आरएक्सचा तो फुगीर सायलेन्सर याच घराण्यातला.

आउटबोर्डात मात्र ही नळी मशीनच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाच्या आत कोंडलेली असते. वरच्या इंजिनातला, म्हणजे पॉवरहेडमधला धूर पायातून खाली उतरतो आणि मशीन थोडं मोठं असेल तर पंख्याच्या मध्यातून पाण्यात सुटतो. नळी किती लांब, किती रुंद, हे कारखान्याने एकदाच ठरवलेलं. लाट परत येण्याची वेळही त्यामुळे ठरलेलीच, ती मिनिटाला साधारण ५,००० ते ५,५०० फेऱ्यांना जुळते. तीन सिलिंडरांच्या मशीनमध्ये तर शेजारच्या सिलिंडराची लाटच आपल्या सिलिंडराचं दार लावून घेते, म्हणून तिथे फुगीर नळी लागतच नाही. सांगायचं एवढंच, की मोटारसायकलवर जी करामत पहिली करतात, ती इथे करायला जागाच नाही.

दुसरा फरक याहून मोठा. आरएक्स फुल थ्रॉटलवर किती वेळ राहते? पुढचा ट्रक येईपर्यंत. होडीचं मशीन मात्र देवबागहून निघालं की गावी परतेपर्यंत एकाच गिअरमध्ये, भरल्या गाडीने आंबोलीचा घाट चढावा तसं चढतच असतं. उतार नाही, गिअर बदलणं नाही. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे निम्मे केले तर एक-अष्टमांश ताकदीत काम भागतं, पण शेवटचे पाचशे फेरे मिळवायला मशीनचा जीव निघतो. म्हणून ट्यूनिंगबद्दल माझं मत ठाम आहे: जुन्या आउटबोर्डात नवी ताकद घालायच्या आधी हरवलेली ताकद शोधून काढावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच मालक खूश होतो.

मर्क्युरी या कंपनीचा जन्मही असाच झाला आहे. १९३९ साली कार्ल कीकहेफरने अमेरिकेत सीडरबर्ग गावी एक बुडीत कारखाना घेतला. तिथे गिऱ्हाइकाने नाकारलेल्या आउटबोर्डांचा ढीग पडला होता. त्याने ती मशीनं उघडली, दोष काढले आणि त्याच गिऱ्हाइकाला विकली. पुढे याच माणसाने १९५७ साली फ्लोरिडातल्या एका तळ्यावर आपली सहा सिलिंडरांची मशीनं २५,००० मैल न थांबवता पळवली, इंधन धावत्या बोटीतच भरलं. सर्वाधिक वेगाचे आकडे मला फारसे भुलवत नाहीत. हा २५,००० मैलांचा आकडा मात्र मी कामाला येणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे आमचा हंगाम. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मशीन खांद्यावरून उतरवतो आणि म्हणतो, ‘‘मेस्त्री, मशीन पळणा नाय. जरा जोर काढून दी.’’ येतात ती बहुतेक यामाहाची: नऊ-नऊ (म्हणजे ९.९), पंधरा, चाळीस हॉर्सपॉवरची. कधीतरी मुंबईच्या एखाद्या हौशी माणसाचं जुनं जॉन्सन किंवा एव्हिनरूड येतं. त्यांतली लहान मशीनं बरीचशी डिफ्लेक्टर पिस्टनची, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा असलेली. ताजं मिश्रण त्या उंचवट्यावर आपटून वर वळतं. जर्मनीत श्नुर्लेच्या पद्धतीने सपाट पिस्टन १९३०च्या दशकातच आला होता, पण अमेरिकन आउटबोर्डवाल्यांनी जुनी पद्धत पुढे कित्येक वर्षं चालवली. ही मशीनं आयडलवर फार गोड चालतात. पण तो उंचवटा तापतो, म्हणून कॉम्प्रेशन वाढवायला गेलात की पिस्टनला भोक पडलंच म्हणून समजा. अशा मशीनच्या मालकाला मी सरळ सांगतो, याला शर्यतीला नेऊ नका.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. आकडा ११० आहे की १२०, याची मला फारशी चिंता नसते. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की मात्र मशीन उघडावं लागतं. दुसरी तपासणी बरेच जण करत नाहीत: क्रँककेस हवा धरते का? टू-स्ट्रोकचा क्रँककेस हाच त्याचा पंप. क्रँकचे सील वयाने कडक झाले की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि मेकॅनिक महिनाभर कार्बुरेटर साफ करत बसतो. मी पोर्टं बंद करून हातपंपाने थोडा दाब देतो आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवतो. बुडबुडा दिसला की रोग सापडला.

मग रीड, म्हणजे क्रँककेसात मिश्रण आत सोडणाऱ्या पाकळ्या. जुन्या पोलादी पाकळ्या किंचित वाकतात, मिश्रण मागे कार्बुरेटरात थुंकतात आणि खालच्या फेऱ्यांना जोर जातो. तुटल्या तर तुकडा थेट सिलिंडरात. फायबरची पाकळी तुटली तर निदान नुकसान कमी करते, म्हणून मी तीच बसवतो. रिबोअर करून आणलेला ब्लॉक आला की पोर्टांच्या धारा हाताने मोडायच्या. लेथवाला ते करत नाही. धार राहिली तर नवी रिंग पहिल्याच तासात तिथे अडकून तुटते. पोर्टांत ओतकामाचे खवले असतात ते घासायचे, गॅस्केट आणि पोर्ट यांच्या कडा जुळवायच्या. एवढंच माझं ‘पोर्टिंग’. एक्झॉस्टचं पोर्ट वर उचलायला मी जात नाही. उचललं की ताकद वरच्या फेऱ्यांना सरकते, आणि भरलेली होडी पाण्यावर उचलायला जोर लागतो तो खालीच.

हेड काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट करतो. सोल्डरची तार पिस्टनवर ठेवून एकदा फिरवली की हेड आणि पिस्टन यांतलं अंतर कळतं. ते कमी करायला हात शिवशिवतो. पण आपल्या साध्या पेट्रोलला मर्यादा आहेत. मोटारसायकलवर टकटक ऐकू येते, इथे वारा, पाणी आणि मशीनचा आवाज यांत ती ऐकू येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झालेली असते.

पेट्रोलवरून आठवलं. वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या कार्बुरेटरांची भाषाच बदलली. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. सात-आठ टक्के जास्त इंधन जाईल असा मेन जेट बसवावा लागतो. दुसरं संकट किनाऱ्यावरचं. पावसाळी हवेतलं पाणी शोषून इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं होतं आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी मात्र तळाशीच. म्हणजे मशीनला पहिला घोट बिनतेलाचा. बंदीच्या दोन महिन्यांत टाकीत उरलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नका, हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. ऑइलही टीसी-डब्ल्यू-थ्रीच हवं. मोटारसायकलच्या ऑइलात राख सोडणारी द्रव्यं असतात, समुद्राच्या पाण्याने थंड राहणाऱ्या सिलिंडरात ती जळत नाहीत, थर धरतात. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडची रीतही तशीच वाईट. मशीन थंड राहतं म्हणून मालक खूश, आणि आत न जळलेलं पेट्रोल भिंतींवरचं तेल धुऊन नेत असतं.

नऊ-नऊचं पंधरा करून द्या, ही मागणी नेहमीची. त्यात तथ्य आहे. १९७४ साली जॉन्सन-एव्हिनरूडने नऊ-नऊ आणि पंधरा एकाच २१६ सीसी पॉवरहेडवर काढली, मुख्य फरक कार्बुरेटरच्या घशाचा. अमेरिकेत काही तळ्यांवर दहा हॉर्सपॉवरच्या वर मनाई, त्यासाठी गळा आवळलेलं हे मशीन. यामाहाचंही नऊ-नऊ आणि पंधरा २४६ सीसीच. जुनं मशीन धडधाकट असेल तर मोठा घसा आणि त्याला शोभणारा जेट बसवून ही ताकद मिळते. ही कारखान्यानेच ठेवलेली ताकद आहे, उसनी नाही. होडीचा मागचा तक्ता आणि नोंदणीचा कागद पंधरा झेपण्याचे हवेत, एवढी अट.

आणि सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, पंखा. हिशोब करून बघा. यामाहा पंधराचा गिअर २७ ला १३. क्रँक ५,५०० फिरला की पंखा सुमारे २,६५०. पिच १० इंच असेल तर एका फेऱ्याला २५.४ सेंटीमीटर, म्हणजे तासाला सुमारे ४० किलोमीटर. पाणी घसरतं त्याचे पंधरा टक्के वजा केले की ३४. आता त्याच होडीत आठ पर्यटक बसवा. मशीन ४,३००वर अडकतं, पायातली लाट चुकीच्या वेळी परतते, ताकद आणखी पडते. मालक म्हणतो, मशीन म्हातारं झालं. मी इंचभर कमी पिचचा पंखा लावतो, दोनशे-तीनशे फेरे परत येतात, लाट वेळेच्या जवळ येऊ लागते आणि मशीन उचल घेतं. मशीनची उंचीही बघावी लागते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी समतल हवी. दोन इंच खोल बुडवलेला पाय म्हणजे पाण्यात ओढलेला नांगर.

शर्यतीची दुनिया वेगळी. २०१८ साली आंध्रातल्या अमरावतीला कृष्णेवर फॉर्म्युला वनच्या बोटी आल्या होत्या, त्यांची अडीच लिटरची मर्क्युरी टू-स्ट्रोक मशीनं ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास देतात. तिथे आयुष्य तासांत मोजतात. आमच्या तांडेलाला हंगाम काढायचा असतो.

टू-स्ट्रोक पाव हिस्सा इंधन न जळता बाहेर टाकतं, हे मी नाकारत नाही. अमेरिकेने १९९६ साली त्यासाठीच नियम केले. जॉन्सन-एव्हिनरूड बनवणारी ओएमसी २००० साली बुडाली, एव्हिनरूड २०२० साली बंद झालं. रोज पर्यटक फिरवणाऱ्याला मी फोर-स्ट्रोकच घ्यायला सांगतो. पण पंधराचं टू-स्ट्रोक पस्तीस-चाळीस किलोचं आणि फोर-स्ट्रोक पंचेचाळीस-पन्नासचं. मशीन रोज संध्याकाळी वाळूतून खांद्यावर घरी नेणाऱ्या दोन भावांना हा फरक मी काय समजावणार?

नवीन रिंगा बसवलेलं मशीन देताना पहिल्या टाकीला २५ला १ तेल आणि पहिले दहा तास फुल थ्रॉटल नाही, असं मी बजावतो. नारळी पौर्णिमेला कोणी ऐकत नाही. म्हणून थ्रॉटलच्या पकडीखाली लाकडाची एक खुंटी ठोकून देतो. परवा एक तांडेल ती खुंटी खिशातून काढून परत करायला आला होता. ‘‘मेस्त्री, ही पुढच्या गिऱ्हाइकाक लाव,’’ म्हणाला, ‘‘चांगल्या लाकडाची हा.’’