हजार घोड्यांची पंगत

लग्नाची आमंत्रणं वाटणारा माणूस नेहमीच दिलदार असतो. पानात काय पडणार, ही काळजी आचाऱ्याची! मोटारीतला सुपरचार्जर हा अगदी त्याच जातीचा गृहस्थ. इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरायचं आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबायची. तिला पेट्रोल कोण वाढणार, हे तो विचारत नाही.

हे ज्ञान मला मिशिगनमध्ये, भाच्याच्या गॅरेजात झालं. त्याची डॉज चॅलेंजर हेलकॅट २०१५ सालची. ६.२ लिटरचं इंजिन, ७०७ अश्वशक्ती. एवढ्या घोड्यांत आपल्याकडे एखादी मोहीम निघाली असती. भाच्याला मात्र हजार हवे होते.

"मामा, सुपरचार्जरची पुली लहान बसवली की तो आणखी जोरात फिरतो. झालं काम!"

"आणि चारा?" मी विचारलं.

मग हिशेबाचा कागद निघाला. पूर्ण जोरात असल्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे हजाराला २७० किलो. मिनिटाला सहा लिटर! एवढ्यात आमची स्कूटर आठवडाभर भाजी आणते.

आठ सिलिंडरांचे आठ इंजेक्टर म्हणजे आठ वाढपी. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला ७५० मिलिलिटर. पण वाढप्याला पूर्णवेळ पळवायचं नसतं, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं. म्हणून इंजेक्टर घ्यायचा तो साडेनऊशेचा. त्यात भाच्याला ई-८५ हे मक्याच्या अल्कोहोलचं इंधन खुणावत होतं. ते थंड आणि गुणी खरं, पण पातळ आमटीसारखं: पोट भरायला तीस-पस्तीस टक्के जास्त ओतावं लागतं. इंजेक्टर आणखी मोठे!

आणि मुदपाकखान्यातला पंप? दाब वाढला की पंपाचा ओघ कमी होतो. त्यामुळे खोक्यावरचा आकडा नव्हे, आपल्या दाबाला तो किती देतो ते बघायचं. शिवाय नळ्या आणि वायरिंगही तेवढ्याच तोलामोलाचं हवं.

"आणि इंधन कमी पडलं तर?" सूनबाईंनी दारातून विचारलं. यंदा खर्चाला काढलेले पैसे एकाच गोष्टीला पुरणारे होते, आणि उरलेले मुलीच्या कॉलेजचे होते.

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, "मिश्रण विरळ होतं. इंजिन ठोकायला लागतं. पिस्टन वितळू शकतात."

"म्हणजे कॉलेज वितळणार," सूनबाई म्हणाल्या.

पंच म्हणून निवाडा मला करायचा होता. पुली झगझगीत, मित्रांना दाखवता येते. पंप बिचारा टाकीच्या पोटात बुडालेला. त्याचं कौतुक कोण करणार? तरी मी त्याच्याच बाजूने कौल दिला. आधी किती घोडे आणि कुठलं इंधन ते ठरवायचं. मग इंजेक्टर, पंप, नळ्या. मग जाणत्याकडून ट्यूनिंग. पुली पुढच्या वर्षी.

"म्हणजे यंदा एवढा खर्च करून घोडे सातशेसातच?" भाचा कळवळला.

"हो," सूनबाई म्हणाल्या, "पण पोटभर जेवलेले!"