बहात्तर मेळ आणि एक नियमावली

दिलेल्या पर्यायांपासून होणाऱ्या सर्व जोडण्या, एकही न गाळता आणि एकही दोनदा न घेता, क्रमाने मांडणे हे संगणकाला अगदी सोपे काम आहे. एका आवर्तनाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, अशी रचना करायची. प्रोग्राम लिहिणारे त्याला लूप म्हणतात. पायथनसारख्या भाषेत तर त्यासाठी तयार सोय आहे, एका ओळीत काम होते. मात्र प्रशासनात नियम तयार करताना हे सोपे काम क्वचितच केले जाते, आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना ती कशापायी मोजावी लागली हे बहुधा कळतही नाही. त्याविषयी आज लिहायचे आहे. उदाहरण मात्र घेणार आहे ते तंजावरजवळच्या तिरुवैयारु परिसरातले. सर्व शक्यता पद्धतशीर मांडण्याचा एक मोठा प्रयोग त्या मुलुखात साडेतीनशे वर्षांपूर्वी झाला, आणि त्याच्या पुढच्या कथेत मराठीचाही वाटा आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी तेथे स्थापन केलेले राज्य, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लांबलचक मराठी शिलालेख हे सारे आपल्याला ऐकून तरी माहीत असते. तेथून उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु आहे. नावाचा अर्थ ‘पवित्र पाच नद्या’. संत त्यागराजांचे (१७६७ ते १८४७) आयुष्य मुख्यतः या गावात गेले, आणि त्यांची समाधीही येथेच नदीकाठी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तेथे एकत्र बसून त्यांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती गातात. दक्षिणेत नेमणूक असताना मी दोनदा तेथे जाऊन आलो. मी संगीताचा जाणकार नव्हे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसायाने सरकारी अधिकारी. त्यामुळे माझे लक्ष वेधले ते त्या संगीतामागच्या एका तक्त्याने.

कर्नाटक संगीतात ७२ मेळ आहेत. मेळ म्हणजे सात स्वरांचा एक संच, ज्याला आपल्याकडे थाट म्हणतात. हा ७२ आकडा कोठून आला, हे पेटी समोर ठेवून कोणालाही पडताळता येईल. षड्ज आणि पंचम अचल. मध्यम दोन प्रकारचा, शुद्ध किंवा तीव्र. सा आणि शुद्ध मध्यम यांच्यामध्ये चार पट्ट्या येतात. त्यांतल्या दोन निवडायच्या. खालची ती रिषभ, वरची तो गांधार. रिषभाला तीन जागा मिळतात आणि गांधारालाही तीन. म्हणजे वरवर पाहता जोड्या नऊ. पण गांधार हा रिषभाच्या वरच असला पाहिजे, ही अट लावली की तीन जोड्या बाद होतात आणि सहा उरतात. पंचमाच्या वर धैवत-निषादाच्या अशाच सहा. दोन मध्यम, सहा पूर्वांग, सहा उत्तरांग, यांचा गुणाकार ७२.

यांचा क्रमही शिस्तशीर आहे. पहिले ३६ मेळ शुद्ध मध्यमाचे, पुढचे ३६ तीव्र मध्यमाचे. प्रत्येक छत्तिसात सहा-सहा मेळांची सहा चक्रे. चक्र बदलले की रिषभ-गांधाराची जोडी बदलते, आणि चक्राच्या आत धैवत-निषादाच्या सहा जोड्या एकामागून एक येतात. एकात एक बसवलेली ही तीन आवर्तने आहेत. म्हणूनच नुसत्या क्रमांकावरून स्वर काढता येतात. २९ वा मेळ घ्या. एक वजा केला, २८ उरले. सहाने भागले, भागाकार ४ आणि बाकी ४. म्हणजे पाचवी रे-ग जोडी आणि पाचवी ध-नी जोडी, सगळे स्वर शुद्ध. हा शंकराभरण, आपला बिलावल. पुढे मेळांना अशी नावे दिली गेली की नावाच्या पहिल्या दोन अक्षरांतून, कटपयादि पद्धतीने उलट वाचून, क्रमांक निघतो. ‘खरहरप्रिया’तील ख म्हणजे २, र म्हणजे २, मेळ २२ वा. आपला काफी.

हा तक्ता मांडणारे व्यंकटमखी तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाला होते. मराठे तंजावरला येण्यापूर्वीचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा हा काळ. त्यांच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात एक गोष्ट मला विशेष वाटली. त्या वेळी प्रत्यक्ष प्रचारात १९ च मेळ होते, आणि तपशीलवार वर्णनही त्यांनी १९ मेळांचेच केले आहे. मग उरलेले ५३ मांडण्याचा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप त्यांनी स्वतःच उपस्थित करून त्याला उत्तर दिले आहे. देश अनेक आहेत, लोकांच्या रुची अनेक आहेत. जे राग आज ठाऊक आहेत आणि जे उद्या कल्पिले जातील, त्या सर्वांना येथे जागा असावी, असा त्या उत्तराचा आशय. तक्ता आजच्या वापरापुरता आखायचा नसतो, हे त्यांनी ओळखले होते.

ही विचारपद्धती आपल्याकडे जुनी आहे. छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व मांडण्या लिहून काढण्याला ‘प्रस्तार’ म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण याच विषयावर आहे. आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या ५०४० क्रमांचा प्रस्तार सांगितला. क्रमांकावरून मांडणी शोधणे म्हणजे ‘नष्ट’, मांडणीवरून क्रमांक शोधणे म्हणजे ‘उद्दिष्ट’, अशा दोन रीतीही त्याने दिल्या. आज प्रोग्राम लिहिणारा तरुण जे करतो, त्याला आपल्या भाषेत नावे आधीच होती.

पण तक्ता म्हणजे संगीत नव्हे. घर मांडून ठेवले म्हणून त्यात कोणी राहायला येतेच असे नाही. ते काम तिरुवैयारुत झाले. पंचरत्न कृती नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या जुन्या, रुळलेल्या रागांत आहेत. पण त्याच त्यागराजांनी अनेक अप्रसिद्ध रागांतही रचना केल्या, आणि खरहरप्रियेला मोठ्या रागाचे स्थान मिळाले ते त्यांच्या कृतींमुळे, असे जाणकार मानतात.

येथे मराठीचा भाग येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तंजावरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केल्यानंतर, शेवटच्या शिवाजीराजांचे जावई सखाराम साहेब यांच्या आश्रयाला लावणी वेंकटराव नावाचे कवी होते. त्यांनी बहात्तर मेळांच्या रागमालिकेसाठी मराठी पदरचना केली. तिला संगीत दिले ते प्रसिद्ध गायक महावैद्यनाथ अय्यर (१८४४ ते १८९३) यांनी. ती रचना आश्रयदात्याच्या स्तुतीची होती. मनुष्याची स्तुती गाणे अय्यरांच्या मनाला रुचले नाही, म्हणून त्यांनी त्याच आराखड्यावर संस्कृत रचना केली आणि ती तिरुवैयारुच्या प्रणतार्तिहराला, म्हणजे तेथील शिवाला, वाहिली असे सांगतात. आज गायली जाते ती संस्कृत रचना; बहात्तर रागांपैकी प्रत्येकाचे नाव तिच्या शब्दांत गुंफलेले आहे. तक्त्यातले प्रत्येक घर एका बैठकीत गाऊन दाखवणारी ही कृती आधी मराठीत झाली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

आपल्या पंडित भातखंड्यांनीही हा तक्ता बारकाईने अभ्यासला. १९०४ साली ते दक्षिणेत फिरले. रे, ग, म, ध, नी यांची दोन-दोन रूपे धरली तर आपल्या पद्धतीत ३२ थाट होतात. त्यांनी दहा ठेवले. कोणी त्या निवडीशी वाद घालो. पण ती निवड सर्व शक्यता समोर ठेवून केलेली होती, म्हणूनच तिच्याशी वाद घालता येतो.

आता प्रशासनाकडे वळू. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तीवेतनात पूर्वी मुलीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत किंवा लग्न होईपर्यंतच हक्क असे. ऑगस्ट २००४ मध्ये विधवा आणि घटस्फोटित मुलींना, आणि २००७ मध्ये अविवाहित मुलींना, २५ वर्षांनंतरही तो मिळू लागला. फार चांगला निर्णय. अट अशी की मुलगी आईवडिलांवर अवलंबून असावी. आणि २०१३ च्या खुलाशानुसार ही पात्रता दोघांपैकी मागे राहिलेल्याच्या मृत्यूच्या वेळी असली पाहिजे.

घटस्फोटाला मात्र दोन तारखा असतात : अर्ज दाखल केल्याची आणि न्यायालयाच्या हुकुमाची. काळाचे तीन टप्पे आहेत : आईवडील दोघे हयात, एकच हयात, दोघेही दिवंगत. अर्जाला तीन जागा, हुकुमाला तीन. वरवर नऊ जोड्या. पण हुकूम अर्जाआधी होऊ शकत नाही. तीन बाद, सहा उरल्या. वाचकांच्या लक्षात आले असेल की हा रिषभ-गांधाराचाच हिशेब आहे.

या सहा घरांपैकी तीन घरांत हुकूम आईवडिलांपैकी निदान एकाच्या हयातीत झालेला आहे. तेथे हक्क स्पष्ट होता. एका घरात अर्ज आणि हुकूम दोन्ही दोघांच्या मृत्यूनंतरचे; तेथे नकाराला कारण देता येते, कारण आईवडील हयात असेपर्यंत घटस्फोटाचा प्रश्न न्यायालयापुढे आलेलाच नव्हता. उरली दोन घरे : अर्ज हयातीत, हुकूम मृत्यूनंतर. येथे मुलगी वर्षानुवर्षे माहेरी आईवडिलांच्या आधाराने राहत असते, खटला चालू असतो, आणि तारखा पडत राहतात. हुकूम केव्हा व्हावा हे तिच्या हातात नसते, आणि आईने किती जगावे हेही नसते.

अशी एक फाइल माझ्यासमोर आली होती. वडील हयात असताना अर्ज झाला, पुढे वडील गेले, मग आई गेली, आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी हुकूम झाला. ज्या कार्यालयातून ती आली तेथील टिपणी एका वाक्याची होती : सदर प्रकरण नियमात बसत नाही. टिपणी लिहिणारा दुष्ट नव्हता आणि चुकीचाही नव्हता. नियम जसा होता तसा त्याने वाचला. आम्ही ते प्रकरण स्पष्टीकरणासाठी वर पाठवले. अशी प्रकरणे ठिकठिकाणांहून गेली असणार. १९ जुलै २०१७ च्या आदेशाने निवृत्तीवेतन विभागाने ही दोन घरे भरली : अर्ज आईवडिलांपैकी कोणाच्याही हयातीत सक्षम न्यायालयात दाखल झाला असेल, तर हुकूम नंतरचा असला तरी, इतर अटी पूर्ण होत असल्यास, हक्क आहे. १९७२ च्या नियमांच्या जागी आलेल्या २०२१ च्या नियमांतही ही तरतूद आहे.

२००४ ते २०१७ ही तेरा वर्षे. सहा घरांचा तक्ता काढायला तेरा मिनिटेही लागत नाहीत. आदेश लिहिणाऱ्यांचा हेतू उदार होता, याबद्दल मला शंका नाही. पण आपण नियम लिहितो तो डोळ्यांसमोर आलेल्या उदाहरणांवरून, आणि डोळ्यांसमोर येते ते नेहमीचे उदाहरण. व्यंकटमखींनी १९ मेळांवर थांबावे तसेच हे झाले. फरक एवढाच की न गायलेला मेळ रिकामा राहिला तर कोणाचे काही अडत नाही. नियमातल्या रिकाम्या घरात मात्र कोणीतरी उभे असते.

यावर कोणी म्हणेल की खऱ्या नियमावलीत अटी फार असतात. हे खरे आहे. होय-नाही स्वरूपाचे दहा प्रश्न असले की १०२४ घरे होतात. वीस असले की दहा लाखांहून अधिक. तीस असले तर १०७ कोटींच्या वर. एवढी घरे कोणी वाचणार नाही. पण तशी गरजही नसते. माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(१) ज्या अटी एकमेकींवर परिणाम करतात, विशेषतः ज्यांत तारखा आहेत, तेवढ्यांचाच तक्ता करावा. तो सहसा दहा-वीस घरांत आटोपतो. अशक्य घरे आधी खोडावीत.

(२) उरलेल्या प्रत्येक घरात ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावे, आणि ‘नाही’ असेल तेथे कारण लिहावे. ज्या घराला कारण सुचत नाही, ते घर पुन्हा पाहावे.

(३) संगणक-प्रणाली बनवणाऱ्यांना नियमाबरोबर हा तक्ताही द्यावा. हल्ली अर्ज संगणकावरच भरले जातात. टेबलामागे माणूस असे तेव्हा तो निदान ‘वर विचारून बघू’ म्हणू शकत असे. पडद्यावरच्या यादीत पर्यायच नसला तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि विचारायला समोर कोणी नसते.

सर्व घरे मांडणे यंत्राला येते, आणि ते आपल्यापेक्षा बिनचूक करते. कोणत्या घरात काय लिहावे हे मात्र आपणच ठरवायचे आहे. त्यासाठी पगार मिळतो. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की ‘नियमात बसत नाही’ ही टिपणी लिहिण्यापूर्वी, नियम करणाऱ्याने या प्रकरणाला नकार दिला आहे की त्याला ते दिसलेच नव्हते, हे एकदा तपासावे. दिसलेच नसेल, तर टिपणीत तसे स्पष्ट लिहून फाइल वर पाठवावी.