चार किलोबाइटचा माग

सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

‘कॅम्पिंग’ शोधायचं ठरवलं आहे. रुबी भाषेतलं हे वेब फ्रेमवर्क जानेवारी २००६ मध्ये आलं. गाभ्याची फाइल चार किलोबाइटच्या आत बसली पाहिजे, असा त्याच्या कर्त्याचा पण होता. सकाळी फोनवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा याहून कितीतरी पट जड असतो.

शनिवारच्या वर्गातली मुलं रेल्स, जँगो, लाराव्हेल सराईतपणे वापरतात. पण पत्ता टाइप केल्यापासून पान दिसेपर्यंत आत काय घडतं असं विचारलं, की उत्तर फ्रेमवर्कच्या दारापाशी थांबतं. आत शिरून वाचायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रेल्स एका बैठकीत वाचून होत नाही, कॅम्पिंग होतं. एका फ्रेमवर्कचा शब्दन्‌शब्द मुलांसोबत वाचायचा, एवढीच इच्छा आहे.

मला ऑक्टोबर २००६ ची १.५ आवृत्ती हवी आहे, मूळ कर्त्याच्या हातची. तो निघून गेल्यावर इतरांनी प्रकल्प सांभाळला, २०१० मध्ये २.० काढली. त्यांचे उपकारच आहेत. पण वाचायचं तर पहिलं हस्ताक्षर वाचायचं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

कर्त्याचं टोपणनाव ‘व्हाय द लकी स्टिफ’. रुबी शिकवण्यासाठी त्यानं कोल्ह्यांच्या चित्रकथा घालून एक विलक्षण पुस्तक लिहिलं. एचटीएमएल वाचणारं एचप्रिकॉट, खिडक्या नि बटणं बनवणारं शूज, रुबीतच एचटीएमएल लिहू देणारं मार्कबी हीही त्याचीच कामं. १९ ऑगस्ट २००९ रोजी त्याच्या साइट्स, ट्विटर आणि गिटहबवरचं खातं, सगळं एकदम नाहीसं झालं.

त्याचं खरं नाव हुडकत बसणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. माणसाला निघून जायचा पूर्ण हक्क आहे. कोडचा प्रश्न मात्र वेगळा. तो त्यानं एमआयटी परवान्याखाली दिला होता: घ्या, बदला, वाटा, फक्त हक्काची ओळ काढू नका. परवानगी सगळ्यांना होती, पण नुसत्या परवानगीनं फाइल जिवंत राहत नाही. सर्व्हर बंद पडायच्या आधी कुणीतरी, कुठेतरी, नक्कल उतरवून ठेवलेली असावी लागते.

जुन्या टिपणांतले सगळे पत्ते मेलेले. त्याचा स्वतःचा कोड सर्व्हर तर गेलाच. रुबीचे बहुतेक प्रकल्प जिथे नांदत होते, ते रुबीफोर्जही मे २०१४ मध्ये बंद झालं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सापडलं. रुबीफोर्ज बंद होण्याच्या कितीतरी आधी तिथली जुनी जेम पॅकेजेस रुबीजेम्सच्या साठ्यात हलवली गेली होती. तिथून १.५ उतरवून घेतली.

जेम म्हणजे शेवटी एक टार फाइल. इन्स्टॉल न करता नुसती उलगडली तरी चालते: आत एक दाबलेला माहितीचा कागद आणि एक दाबलेलं गाठोडं. गाठोड्यात परवाना होता. हक्काच्या ओळीत २००६ साल आणि तेच टोपणनाव. खऱ्या नावाशिवाय दिलेला परवाना, आणि इतकी वर्षं लोक तो बिनतक्रार पाळताहेत. हे वाचून बरं वाटलं.

मुख्य फाइल दोन रूपांत आहे. एक दाबून बसवलेली: नावं एकेका अक्षराची, मोकळी जागा शोधून सापडत नाही. दुसरी सविस्तर: तोच कोड ऐसपैस, प्रत्येक भागावर समजावणाऱ्या टिपा. चार किलोबाइटचा हट्ट धरणारा माणूस वाचणाऱ्यासाठी दुसरी फाइल वेगळी लिहितो. छोटा कोड लिहिणारे पुष्कळ असतात, ही काळजी घेणारे थोडे.

शनिवार, १० ऑगस्ट

वर्गाला सुट्टी दिली आणि दिवसभर वाचलं.

आपलं अ‍ॅप सुरू करायचं तर ‘कॅम्पिंग डॉट गोज’ म्हणून पुढे नाव द्यायचं, समजा ‘ब्लॉग’. मला वाटलं होतं, आत एखादा वर्ग तयार होत असेल, काही नोंदी होत असतील. होतं ते भलतंच. फाइल लोड होतानाच स्वतःचा सगळा मजकूर वाचून एका स्थिरांकात ठेवते. ‘गोज’ म्हटलं की त्या मजकुरात जिथे जिथे ‘कॅम्पिंग’ आहे तिथे ‘ब्लॉग’ घालते आणि तो बदललेला मजकूर रुबीला चालवायला देते. म्हणजे प्रत्येक अ‍ॅपला अख्ख्या फ्रेमवर्कची स्वतःची प्रत मिळते. वारसा नाही, शोधा आणि बदला.

मग एक अडचण. चूक झाली की दिसणाऱ्या पानावर ‘कॅम्पिंग प्रॉब्लेम’ असं लिहिलेलं असतं. या बदलाबदलीत तेही ‘ब्लॉग प्रॉब्लेम’ होऊन बसेल. म्हणून तिथे त्यानं शब्दाच्या मधोमध उलटी तिरकी रेघ टाकली आहे. शोधणाऱ्याला शब्द तुटलेला दिसतो म्हणून तो वाचतो, आणि छापताना रुबी ती रेघ गिळून टाकते म्हणून वाचकाला अखंड दिसतो. एका अक्षराचा खर्च. ही ओळ कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

पत्त्यांची व्यवस्थाही तशीच. कंट्रोलर लिहिताना जिथे वडील वर्गाचं नाव यायचं, तिथे ‘आर’ नावाचं फंक्शन बोलावतात आणि त्याला पत्त्याचा नमुना देतात. फंक्शन त्या पत्त्यासकट एक ताजा वर्ग बनवून परत देतं. रुबीत वडिलांच्या जागी कुठलीही अभिव्यक्ती चालते, हे भाषेच्या पुस्तकात सगळेच वाचतात. तिचा असा उपयोग सुचायला भाषेवर प्रेम असावं लागतं. ‘आर’ न वापरलेल्या कंट्रोलरला त्याच्या नावावरूनच पत्ता मिळतो. ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ या नुसत्या मेथड. पानं म्हणजे मार्कबीत लिहिलेल्या मेथड. मॉडेलं रेल्सच्याच अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डवर. सगळं अ‍ॅप एका फाइलमध्ये, वरून खाली वाचता येईल असं.

नोकरीत असा कोड समोर आला तर मी तो मंजूर करणार नाही. स्वतःचाच मजकूर बदलून चालवणारा कोड दुसऱ्याला सांभाळायला देणं अन्यायाचं आहे. पण शिकवण्यासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. फ्रेमवर्क कुठल्या मोजक्या कामांपाशी येऊन थांबतं, ते इथे उघडं दिसतं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

वाचून झालं, चालवायला हवं. आजच्या रुबीवर ते चालणार नाही हे उघड होतं. १.८ नंतर १.९ मध्ये स्ट्रिंग हाताळण्याची पद्धतच बदलली, आणि १.८.७ चा आधार २०१३ मध्ये थांबला.

खरी मेख अवलंबित्वांत. जेमच्या कागदावर अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट, मार्कबी वगैरेंची अट ‘किमान अमुक आवृत्ती’ एवढीच आहे. कमाल काही नाही. २००६ मध्ये त्याचा अर्थ ‘कालची किंवा आजची’ असा होता. आज तीच अट इन्स्टॉलरला अगदी नवी आवृत्ती आणायला सांगते, आणि तिला हा कोड ओळखीचाही वाटत नाही. त्या काळी सगळे असंच लिहीत. आवृत्त्या नेमक्या बांधून ठेवणारी कुलूप फाइल नंतर आली, आणि ती का हवी हे असं जुनं काही उभं करताना कळतं.

शेवटी डेबियन लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांचं भांडार उघडलं. २००९ ची ‘लेनी’ तिथे जशीच्या तशी आहे, रुबी १.८ सकट. सह्यांच्या किल्ल्यांची मुदत कधीच संपल्यामुळे पॅकेज व्यवस्थापक कुरकुरतो, त्याला समजावता येतं. पण लेनीचा कंटेनर सुरू करताच मरायचा. संदेश काही नाही, फक्त १३९ हा आकडा. त्या काळची सी लायब्ररी वेळ विचारण्यासाठी कर्नलच्या एका ठरावीक पत्त्यावर जाते, आणि नव्या कर्नलनी सुरक्षेसाठी ती वाट अनेक ठिकाणी बंद केली आहे. कर्नल सुरू करताना ‘व्हीसिसकॉल’ची नक्कल चालू करा असं सांगितलं, आणि लेनी जागी झाली.

त्या काळच्या जेम एकेक करून जुळवल्या. रात्री जेमसोबतचा नमुना ब्लॉग ३३०१ पोर्टवर उभा राहिला. एक नोंद मराठीत लिहून जतन केली. नीट दिसली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. आज इतिहासाच्या मागे.

१.५ हाती आली, म्हणजे एक टप्पा हाती आला. तिथवर तो कसा पोचला, कुठली ओळ आधी लांब होती आणि मग कापली, ते जेममध्ये नसतं. ते कमिटमध्ये असतं. आणि २००६ मध्ये कमिट सबव्हर्जनमध्ये होत्या.

सबव्हर्जनमध्ये पूर्ण इतिहास फक्त सर्व्हरवर राहतो. काम करणाऱ्याकडे एका आवृत्तीची प्रत येते, मागचं काही विचारायचं तर सर्व्हरला विचारावं लागतं. सर्व्हर गेला की विचारणार कुणाला? वेबॅक मशीननं त्याच्या साइटची पानं टिपली आहेत, पण पानांमधून सबव्हर्जनचा साठा परत बांधता येत नाही. गिटमध्ये उलट आहे. क्लोन करणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या कमिटपासूनचं सगळं येतं. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचं गिटहब खातं गेलं, तरी जे काही तोवर गिटमध्ये आलं होतं ते कुणाकुणाच्या लॅपटॉपवर आधीच पूर्ण उतरलेलं होतं. लोकांनी ते पुन्हा वर चढवलं. कुणी परवानगी विचारली नाही, विचारायची गरजही नव्हती.

हे काम करणारे कोण होते? बहुतेक जण एखादा छंदाचा प्रकल्प चालवणारे, कधीतरी सहज क्लोन करून विसरून गेलेले. त्यांच्या त्या सहजपणाचं मोल फार मोठं आहे असं मला वाटतं.

शनिवार, १७ ऑगस्ट

पॅरिसचं सॉफ्टवेअर हेरिटेज कोड जपण्याचं हेच काम पद्धतशीर करतं. फ्रान्सच्या इन्‌रिया या संशोधन संस्थेनं ते २०१६ मध्ये जाहीर केलं. गिटोरियस आणि गूगल कोड बंद पडले तेव्हा तिथले साठे त्यांनी उचलून घेतले, आणि २०२० मध्ये बिटबकेटनं मर्क्युरियल काढून टाकलं तेव्हाही.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. फाइलची ओळख तिच्या मजकुरावरूनच काढलेली असते, आणि ती काढण्याची रीत गिटचीच आहे. मी माझ्या यंत्रावर जेममधल्या फाइलची ओळख गिटच्या एका आज्ञेनं काढली आणि त्यांच्या शोधात घातली. जुळली. एक अक्षरही इकडचं तिकडे असतं तर जुळली नसती. मुलांना देईन ती फाइल खरी आहे का, याचं उत्तर आता कुणाच्या शब्दावर अवलंबून नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

एका जुन्या सहकाऱ्यानं कपाटातली हार्ड डिस्क आणून दिली. त्यावर कॅम्पिंगची २००७ मधली सबव्हर्जन प्रत आहे, दोन आवृत्त्यांच्या मधली. प्रत्येक फोल्डरमध्ये लपलेला सबव्हर्जनचा फोल्डर शाबूत आहे, म्हणजे कितवी नोंद, कुणाची, कधीची, हे लिहिलेलं आहे.

इथे आणखी एक धागा सापडला. व्हायच्या रेकफाइलमध्ये एक ओळ आहे: जेम बनवताना याच लपलेल्या फोल्डरातून नोंदीचा क्रमांक उचलायचा आणि आवृत्तीच्या शेवटी जोडायचा. १.५.१८० अशा आवृत्तीमधला १८० हा तोच. त्याच्या सर्व्हरवर मिळणाऱ्या मधल्या जेम अशाच क्रमांकांच्या असत. सर्व्हर गेला तरी ज्याच्याकडे अशी एखादी जेम पडून आहे, त्याच्याकडे तारखेसकट एक टप्पा आहे. डेबियनच्या पॅकेजच्या नावातही असाच सबव्हर्जनचा क्रमांक सापडतो. एकेक गोळा करून क्रमानं लावता येतील.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

हाती आलेल्या सगळ्या प्रतींची गिटमध्ये मांडणी केली. प्रत्येक कमिटवर व्हायचं नाव आणि जुनी तारीख घालायचा मोह होतो. गिट अडवत नाही, आणि यादी फार सुंदर दिसली असती. पण त्या कमिट त्यानं केलेल्या नाहीत. दोन टप्प्यांमध्ये त्यानं काय काय करून मोडलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं दाखवणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे. कमिटवर माझं नाव आणि आजची तारीख घातली. संदेशात प्रत कुठून आली, सबव्हर्जनचा क्रमांक असला तर तो, आणि फाइलची ओळख, एवढंच लिहिलं. सहकाऱ्याला विचारून डिस्कवरची प्रतही त्यात घेतली.

साठा सार्वजनिक करून त्याचा पत्ता सॉफ्टवेअर हेरिटेजकडे जतनासाठी पाठवला. उद्याच्या वर्गासाठी सविस्तर फाइलच्या छापील प्रती काढल्या आहेत, समासात जागा सोडून. सुरुवात ‘आर’पासून करायची, ‘गोज’ शेवटी.