यादीची शेवटची ओळ

सन २०२४च्या मे महिन्यात, काजूचा हंगाम सरत आला असता, आमचा भाचा एक घडी घातलेला कागद घेऊन आमच्याकडे आला. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून तो पहिल्याच गाडीने निघाला होता. बारावी बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालास तर खेळ खेळता येतील असा संगणक घेऊन देईन, असा शब्द दाजींनी त्याला दिला होता, आणि शब्द मोडण्याची त्या घराला सवय नाही. काजूच्या पैशांतून पासष्ट हजार रुपये त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. सुटे भाग निवडून संगणक जुळवून घ्यावयाचा होता, आणि घरच्या माणसांत संगणकाचा डबा उघडून पाहिलेले आम्हीच एक. म्हणून आक्काने त्याला आमच्याकडे धाडले होते.

यादीच्या पहिल्या ओळीत चाळीस हजारांचे ग्राफिक्स कार्ड होते: आर.टी.एक्स. ४०६० टी.आय. त्याखाली चार कोअरचा स्वस्त प्रोसेसर, ८ जी.बी. मेमरीची एकच पट्टी, आणि रंगीत पंख्यांचा काचेचा कॅबिनेट. अगदी तळाशी लिहिले होते: 'पॉवर सप्लाय, कोणताही, ९०० रु.' ती ओळ वाचताच आमच्या छातीत धस्स झाले.

वाचकहो, त्या ओळीशी आमची जुनी ओळख आहे. सन २०१९मध्ये आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईने मुलासाठी संगणक जुळवून घेताना आमचा सल्ला विचारला. पैसे तुटपुंजे होते. कोठे बचत करावी असे तिने विचारले, तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, पॉवर सप्लाय म्हणजे नुसता विजेचा डबा, तो कोणताही चालेल. जुलैतील एका रात्री पावसात वीज तीन वेळा गेली नि आली. चौथ्या वेळी खोलीत करपल्याचा वास सुटला. तो डबा जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. नवा बोर्ड घेण्यास त्या बाईला आठ महिने लागले. आमचे पैसे तिने घेतले नाहीत, आणि दोषाचा एक शब्दही तिने उच्चारला नाही. तिच्या घरचा चहा आम्ही आजही घेतो. परंतु तो घोट घशाखाली उतरताना आम्हांस ती रात्र आठवते.

एवढ्यात दाजींचा फोन आला. "अहो, तुमच्या कचेरीतला जुना डबा पडूनच आहे ना? त्यालाच नवं कार्ड बसवलं तर?" विचार काटकसरीचा होता, म्हणून आम्ही तो डबा उघडून पाहिला. आतला प्रोसेसर २०१३च्या पिढीचा, पॉवर सप्लाय अवघ्या २४० वॅटचा, आणि कार्डाला वीज देणारी स्वतंत्र तार त्याला नव्हतीच. अशा डब्यात बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारे लहानसे कार्डच बसते. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे तेव्हाच जाहीर झाले होते, आणि विंडोज ११ इतका जुना प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारीत नाही. जुन्या भिंतीवर नवा मजला चढवू नये, असे आम्ही दाजींना कळवले.

मग भाच्यास विचारले, "तुझा पडदा कोणता?" यादीत मॉनिटरच नव्हता! कोणा मित्राचा जुना मॉनिटर तो आणणार होता. तो पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. मग कार्डाने दीडशे चित्रे काढली तरी उरलेली कोणी पाहावयाची? म्हणून निवडीचा आरंभ पडद्यापासून करावा. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे एकवीस लक्ष ठिपके रंगवावे लागतात, ४के पडद्यावर त्याच्या चौपट. कार्डाची ताकद ह्या हिशेबाने ठरते. आम्ही पहिल्या प्रकारचा, सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा मॉनिटर यादीच्या माथ्यावर लिहिला.

दुसरा प्रश्न प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्या जोडीचा. खेळात कोण कोठे धावतो, गोळी कोणास लागते, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. कार्ड त्याचे चित्र रंगवते. शेतकऱ्याच्या मुलाला अधिक सांगावे लागले नाही. एक बैल खिलारी आणि दुसरा मरतुकडा असला, तर जू एकीकडे कलते आणि नांगर मरतुकड्याच्याच चालीने चालतो. त्याच्या आवडीचा व्हॅलोरंट हा खेळ तर चित्रापेक्षा प्रोसेसरवरच अधिक भार टाकतो. म्हणून रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि ८ जी.बी.चे आर.एक्स. ६६०० हे कार्ड, अशी बेताची जोडी आम्ही सुचवली. चाळीस हजारांच्या जागी एकवीस हजार आले.

मुलाचा चेहरा पडला. "मामा, मित्रांना मी ते मोठं कार्ड घेणार म्हणून सांगून ठेवलंय. ते हसतील." आम्ही त्यास त्या विधवा बाईची हकीकत सांगितली, त्याआधी ती आम्ही कोणासही सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने नवा कागद मागितला.

बाकीच्या ओळी भराभर झाल्या. मेमरी १६ जी.बी., परंतु एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरकडे माहितीचे दोन रस्ते खुले होतात. साठवणीस १ टी.बी.ची एन.व्ही.एम.ई. एस.एस.डी. मदरबोर्ड बी ४५०. तो ह्या प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला असल्याने त्याचे बायोस नवे करून देण्याची अट दुकानदारास घातली. काचेचा कॅबिनेट गेला आणि पुढून हवा घेणारा जाळीचा आला.

शेवटच्या ओळीवर मात्र आम्ही तासभर थांबलो. पॉवर सप्लाय घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज तयार करतो, आणि प्रोसेसर व कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. म्हणून डब्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे व बाराने गुणावे. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट झाले. ५५० वॅट म्हणवणाऱ्याने एवढे दिलेच पाहिजेत. नावावर ५०० आणि गुणाकार २०० असेल, तर तो डबा तेथेच ठेवावा. '८० प्लस'ची खूण वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. व्होल्टेज चढल्यास किंवा तारा जुळल्यास आपण होऊन बंद पडण्याची सोय आहे की नाही, हे वेगळे विचारावे. आमच्या यादीतील कार्डास १३२ वॅट आणि प्रोसेसरला साधारण पाऊणशे वॅट लागतात. बाकी भाग धरूनही ५५० वॅट पुष्कळ झाले. पाच वर्षांच्या हमीचा तसा सप्लाय चार हजारांना मिळाला. सारी बेरीज चौसष्ट हजारांत बसली.

जूनमध्ये आक्काच्या ओसरीवर आम्ही भाग जुळवले. कळ दाबली, पंखे फिरले, पडदा काळाच! दाजी काही बोलले नाहीत, आणि आम्हांस दरदरून घाम फुटला. अर्ध्या तासाने भाचाच हळू म्हणाला, "मामा, तार बोर्डाला लावलीय तुम्ही." ह्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग नसतो, मॉनिटरची तार कार्डालाच लावावी लागते. ती लावताच पडदा उजळला. मेमरीही मूळ संथ गतीने चालत होती; बायोसमध्ये एक्स.एम.पी. चालू करताच ती ३२०० वर आली.

"ते चार हजारांचं कुठं हाय, दाखवा बघू," दाजी म्हणाले. पत्र्याच्या आच्छादनाखालचा तो डबा दिसत नव्हता. त्यांनी वाकून मागच्या जाळीशी हात धरला. "गारच हाय की," म्हणाले, आणि समाधानाने चहा मागवला.

जुलैत वीज नेहमीप्रमाणे गेली-आली. यू.पी.एस. ओरडला की मुलगा शहाण्यासारखा यंत्र बंद करी, आणि सकाळी ते पुन्हा सुरू होई.

तेव्हाचे भाव आता धरू नयेत. सन २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती फार चढल्या, आणि तीच यादी त्या पैशांत बसवणे कठीण झाले. परंतु रकमा बदलल्या तरी निवडीचा क्रम बदलत नाही: आधी पडदा, मग जोडी, आणि बचतीची कात्री पॉवर सप्लायवर कधीही नाही.

अलीकडे भाच्याने गावातील एका मित्रासाठी केलेली यादी आम्हांस तपासावयास पाठवली. त्यात पॉवर सप्लाय दुसऱ्याच ओळीत होता, आणि शेजारी समासात पेन्सिलीने अँपिअरचा गुणाकार मांडलेला होता. आम्ही तो दोनदा पडताळून पाहिला. बरोबर होता.