दुमड, पडदा आणि पोकळी

किमान ६ तास उपाशी राहिलेल्या माणसाचे पित्ताशय पित्ताने भरलेले असते आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ती पातळ भिंतीची काळी पिशवी दिसते. या पिशवीत एखादी पांढरी रेघ आडवी आली, की ती भिंतीची दुमड आहे, आतला पडदा आहे की खड्याची कड, हे ठरवताना तपासणाऱ्याचे कसब पणाला लागते.

नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे पित्ताशयाचा तळ, अर्थात त्याचे रुंद मोकळे टोक, स्वतःवरच दुमडलेले असणे. प्राचीन फ्रिजियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, पुढे झुकलेल्या शेंड्याच्या टोपीवरून त्याला ‘फ्रिजियन कॅप’ म्हणतात आणि या ठेवणीला उपचार लागत नाहीत. रेघ दिसताच प्रतिमा गोठवण्याची घाई न करता प्रोब तिथल्या तिथे सावकाश फिरवावा, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे आणि खोल श्वास रोखायला सांगावे: दुमडीपाशी बाहेरची भिंतही आत वळलेली सापडते, पडद्यापाशी बाहेरचा आकार बहुधा अभंग राहतो, तर सुटा खडा मागे सावली टाकत घरंगळतो.

याहून कठीण प्रसंग पित्ताशय मुळीच न दिसण्याचा. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात आद्य आतड्यातून यकृताचा अंकुर फुटतो व त्याच्याच एका शाखेतून पित्ताशय घडते. ती शाखा वाढलीच नाही तर पित्ताशय जन्मतःच नसते. हे अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे ‘आक्रसून खड्यांनी भरलेले पित्ताशय’ हाच तर्क आधी सुचतो, शेजारच्या आतड्यातील हवेची सावली त्याला दुजोरा देते, आणि अशा निदानावर विसंबून शस्त्रक्रिया झाल्यावर तिथे पित्ताशयच नव्हते, अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. विनाकारण भूल आणि टाके सोसणाऱ्या त्या रुग्णांसाठी तरी तपासणाऱ्याने हट्ट धरावा, की भिंत, तिच्याखाली खड्यांची चकाकती कड आणि त्याखाली सावली असे तीन थर ओळीने दिसल्याखेरीज ‘आक्रसलेले’ हा शब्द लिहायचा नाही. यकृताच्या आत आणि डावीकडे शोधूनही काही सापडले नाही, तर ‘पित्ताशय दिसले नाही’ एवढेच लिहून एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचे चुंबकीय चित्रण, सुचवावे.

सुमारे ४००० माणसांत एकाला आढळणाऱ्या दुहेरी पित्ताशयाच्या बाबतीतही हे चित्रण उपयोगी पडते, कारण दोन्ही पिशव्यांच्या नलिका वेगळ्या आहेत की पुढे एकत्र येतात, हे शल्यचिकित्सकाला आधी समजलेले बरे. दुसरी पिशवी पित्ताशयच आहे का, अशी शंका असल्यास स्निग्ध आहार देऊन पुन्हा पाहावे. पित्ताशय त्यानंतर आक्रसते, यकृतातील पाण्याची गाठ मात्र तेवढीच राहते.